बेइराची नदी आणि आपली मिठी

प्रश्न : आफ्रिकेतले देश क्लायमेट चेंजसाठी नेमकं काय करतायत? आपल्याला त्यातून काही घेता येईल का? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : मोझांबिकचं बेइरा बघा ना, आपल्यासारखंच समुद्राला खेटलेलं सखल बंदर. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने त्याची पार दैना केली, शेजारचे झिम्बाब्वे, मलावी धरून हजारावर माणसं गेली. पण त्याआधीच तिथे शहरातली चिवेवे नदी गाळ काढून मोकळी केली होती, काठाला खारफुटी लावली होती, म्हणजे पावसाचं पाणी निघून जायला वाट तरी राहते. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण २६ जुलै २००५ ला मिठी कशी घरात शिरली ते कुर्लेकरांना मी काय सांगू, आणि तरी आपल्याकडे खारफुटीवर भराव पडतोच आहे.