रस्ता झाला, पण भाऊ घरी बसला

प्रश्न : सर, आमच्या गावाजवळून चौपदरी रोड गेला तेव्हा सगळे खूश होतो, आता सारखं कोणी ना कोणी जातंय. माझ्या चुलतभावाच्या बाईकला चार महिन्यांपूर्वी मागून पिकअपने उडवलं, पायात रॉड आहे, काम बंद, जमीन गहाण टाकली. गावात म्हणतात विकास म्हटलं की हे होणारच. खरंच का? आणि याचा आरोग्याशी काय संबंध, हे तर पोलिसांचं काम ना?
– एक वाचक भगिनी, जालना जिल्हा

उत्तर : ताई, हे ‘होणारच’ मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनपण ऐकतो आणि दर वेळी डोकं फिरतं. स्वीडनमध्ये माणसामागे गाड्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण १९९७ साली तिथल्या संसदेने ठरवलं की रस्त्यावर कोणी मरता कामा नये, माणूस चुकणारच हे धरूनच रस्ता बांधायचा, म्हणजे समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून मधे तारांचं बॅरियर, सिग्नलच्या जागी राउंडअबाउट, वस्तीत स्पीड कमी. आज तिथले अपघाती मृत्यू जगात सगळ्यात कमी असलेल्यांत मोजतात. उलट जगातले ९२ टक्के रस्ते-मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, गाड्या मात्र तिथे साधारण ६० टक्केच. मग गाड्या वाढल्या म्हणून माणसं मरतात हे गणित बसतं कुठे?

आपल्या देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्ते-अपघातांत गेली, म्हणजे रोज ४६० च्या वर, आणि तीनातले जवळपास दोन १८ ते ४५ वयाचे. कमावती माणसं हो! एवढी माणसं एखाद्या तापाने गेली असती तर घरोघरी सर्व्हे सुरू झाला असता. म्हणून हा आरोग्याचा प्रश्न. पोलीस पंचनामा करतात, पण ऑपरेशनचा खर्च, सहा महिने बुडालेली मजुरी, पोराची सुटलेली शाळा हे पंचनाम्यात येत नाही, तुमची गहाण जमीनसुद्धा त्यात नाही.

तुमच्या रोडचं म्हणाल तर बहुतेक असंच झालं असणार (मी पाहिला नाही, पण असे खूप पाहिलेत) की डांबर गुळगुळीत झालं, स्पीड ४० वरून ८० वर गेला आणि बाकी सगळं जुनंच राहिलं, तीच बैलगाडी, तोच राँग साइडने येणारा ट्रॅक्टर, शाळेसमोर डिव्हायडर फोडून केलेली वाट. स्पीड दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो, हाडं मात्र तीच. हेल्मेट घालाच, पण सगळा दोष बाईकवाल्यावर ढकलून रस्ता बांधणाऱ्याला मोकळं सोडू नका, ग्रामसभेत ठराव करून सर्व्हिस रोड आणि अंडरपास मागा.

अजून एक, जखमीला उचललं तर पोलीस मागे लागतील म्हणून लोक नुसते बघत उभे राहतात ना, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या अपघातग्रस्तांसाठीच्या योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारपण मिळतात, गावात हे सांगा.

भावाच्या भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज केलाय का? कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलीय आणि तुमचे चार गेले. एफआयआरची कॉपी, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं घेऊन याच आठवड्यात वकिलाला गाठा.