सुपरनॅचरलच्या 'क्रॉसरोड ब्लूज' या भागात कोणकोणते संदर्भ आहेत? ते कळले नाहीत तर काही बिघडतं का?

बिघडतं. गोष्ट समजायला अडत काहीच नाही, पण लेखकांनी या भागात जे पेरलंय त्यातलं निम्मं हाती लागत नाही. "टाइमपास म्हणून बघा, एवढ्या खोलात कशाला शिरायचं" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते वाक्य ऐकलं की राग येतो. का येतो ते पुढे सांगतेच.

आधी तुमच्या प्रश्नाचं. सुपरनॅचरल ही भुताखेतांची शिकार करणाऱ्या सॅम आणि डीन या दोन भावांची अमेरिकन मालिका. दुसऱ्या सीझनचा हा आठवा भाग, नोव्हेंबर 2006 मधला. सुरुवात 1938 च्या मिसिसिपीत होते. एक कृष्णवर्णीय गायक दारूच्या गुत्त्यात गिटार वाजवतोय आणि त्याला कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं. दुसऱ्या कोणालाच येत नाही. तो वाजवणं सोडून पळतो, खोलीत कोंडून घेतो, आणि माणसं आत येतात तेव्हा जमिनीवर तडफडत पडलेला असतो. हा गायक मालिकेसाठी रचलेला नाही. रॉबर्ट जॉन्सन, खराखुरा माणूस. ऑगस्ट 1938 मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवूडजवळ वारला, वय 27. त्याच्या मृत्यूचा दाखला थेट 1968 मध्ये गेल डीन वॉर्डलो या संशोधकाला सापडला, आणि त्यावर कारणाच्या जागी 'डॉक्टर नव्हता' एवढंच लिहिलेलं होतं. अशी रिकामी जागा राहिली की तिथे आख्यायिका येऊन बसते. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने गिटारची विद्या मिळवली, ही ती आख्यायिका.

भागाचं नाव त्याच्याच गाण्याचं आहे, 1936 मध्ये सॅन अँटोनिओत रेकॉर्ड झालेल्या. मागे लागणारे काळे कुत्रे त्याच्या 1937 च्या 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल' मधून आलेत. म्हणजे पहिल्या दोन-तीन मिनिटांतच त्याची दोन गाणी येऊन जातात, आणि ती ओळखता आली तर पुढे आत्म्याच्या बदल्यात होणारा दहा वर्षांचा करार, मुदत संपल्यावर येणारे कुत्रे, हे सगळं कुठून उगवलं ते लगेच उमगतं.

मग करारासाठी सैतानाला बोलवायला चौरस्त्यावर पुरलेली डबी. तिच्यात स्वतःचा फोटो, कब्रस्तानातली माती आणि काळ्या मांजराचं हाड. हा हूडूचा प्रकार, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांची लोकविद्या. काळ्या मांजराचं हाड ब्लूजच्या गाण्यांत जागोजागी येतं. विली डिक्सनने लिहिलेलं आणि मडी वॉटर्सने 1954 मध्ये गायलेलं 'हूची कूची मॅन' ऐका, त्यात आहे. मला मात्र ही डबी बघताना कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मी नागपूरच्या महाल भागात वाढले. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना चौकात उतारा पडलेला असायचा: पत्रावळीवर भात, त्यावर गुलाल, बाजूला कापलेलं लिंबू, कधी फोडलेलं कोहळं. आजी दारातूनच ओरडायची, "ओलांडू नको वं, कडेनं जाय." डीन गुडघ्यावर बसून चौरस्त्याच्या मधोमध खड्डा खणतो ना, तेव्हा मला आजीचाच आवाज ऐकू आला होता. चार वाटा मिळतात तिथे माणसांचं राज्य संपतं, हे मिसिसिपीतही ठाऊक होतं आणि आमच्या बडकस चौकातही.

बाकीचे संदर्भ किरकोळ आहेत. डीन मायस्पेस या तेव्हाच्या सोशल नेटवर्किंग साइटबद्दल "हे काय असतं?" म्हणून विचारतो, 2006 मध्ये त्याला लोक हसले असतील, आज त्याचा जीव गेलाय. तो कळला नाही तरी चालेल.

आता मला राग का येतो ते.

माझा एक आतेभाऊ आहे, मी त्याला दादा म्हणते. उत्तम गिटार वाजवतो, त्यात वाद नाही. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या रात्री आत्याच्या गच्चीवर त्याने 'क्रॉसरोड्स' वाजवलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे इंग्लंडच्या गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं गाणं, जगातल्या सर्वोत्तम गिटार सोलोंपैकी एक. मी तेव्हा गप्प बसले, पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी मारबत. आत्याचं घर इतवारीत, मिरवणूक गॅलरीखालूनच जाते, त्यामुळे अख्खा गोतावळा तिथे जमलेला. तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं,

"दादा, काल वाजवलं ते क्लॅप्टनचं नाही. रॉबर्ट जॉन्सनचं आहे, 1936 चं."

"कोणी सांगितलं तुले?"

"सुपरनॅचरलमध्ये त्याच्यावर अख्खा भाग आहे. मग मी मूळ गाणं शोधून ऐकलं."

तो हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भुताच्या सिरीयली पाहून म्युझिक शिकून राहिली का तू आता? मी शाळेपासून गिटार वाजवून राहिलो, आणि हे मले शिकवते!" सगळे हसले. भावजी हसले, लहान भावंडं हसली. आत्या म्हणाली, "भांडू नका बापा, मारबत आली," आणि तो विषय तिथेच मिटला. त्यांच्यापुरता.

काळी मारबत गेली, पिवळी गेली, मागून बडगे यायला लागले. ज्यांनी मारबत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मारबत म्हणजे बाईचा भलामोठा पुतळा, गावातली इडापिडा तिच्यासोबत बाहेर घालवून जाळायची. ही नागपूरची रीत एकोणिसाव्या शतकापासूनची. बडगे हे पुरुषांचे पुतळे, आणि त्या वर्षी लोकांच्या मनात जे खदखदत असेल ते त्यांच्या अंगावर लिहिलेलं असतं. महागाई, घोटाळा, कोणी पुढारी, कोणी परदेशातला खलनायक. पोरं नाचत ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!"

दादाच्या कडेवर आमचा भाचा होता, पाच-सहा वर्षांचा. प्रत्येक बडग्याला त्याचं एकच, "मामा, हा कोण आहे?" आणि दादा न कंटाळता सांगत होता. हा अमुक, याने तमुक केलं, म्हणून याच्या गळ्यात कांद्याची माळ घातली. हा पेट्रोलवाला, त्याच्या हातात पंप बघ. पोरगं प्रत्येक वेळी आधी नुसतं बघायचं आणि अर्थ कळला की टाळ्या पिटायचं. माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं. बांबू, कागद आणि चिंध्यांचा तो पुतळा अर्थ कळेपर्यंत नुसता पुतळाच असतो. इथे लहान पोरालासुद्धा संदर्भ सांगितल्याशिवाय करमत नाही, आणि मी एका गाण्याचा संदर्भ सांगितला तर ती सिरीयलीची बडबड! हे मी त्याला तिथल्या तिथे म्हटलं. तो म्हणाला, "ते वेगळं आहे ना." वेगळं काय, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

म्हणून इथे नीट मांडते, कारण तुम्ही विचारलेला प्रश्न तोच आहे.

क्लॅप्टनच्या क्रीम या बँडने 'क्रॉसरोड्स' 1968 मध्ये 'व्हील्स ऑफ फायर' या अल्बममध्ये आणलं. गीतकार-संगीतकार म्हणून त्यावर रॉबर्ट जॉन्सनचंच नाव आहे. क्लॅप्टनने ते कधी लपवलं नाही, त्याच्या जागी त्याचे चाहतेच लपवतात. शिवाय त्या गाण्यातलं रोझडेल गावचं कडवं मूळ 'क्रॉसरोड'मध्ये नाहीच. ते जॉन्सनच्याच 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज' या 1937 च्या दुसऱ्या गाण्यातून उचललेलं आहे. म्हणजे दादाने गच्चीवर एकाच माणसाची दोन गाणी वाजवली आणि तिसऱ्याच माणसाचं नाव घेतलं.

आणि आता मालिकेकडे परत या. चौथ्या सीझनचा अठरावा भाग आठवा, ज्यात या दोघा भावांच्या आयुष्यावर कादंबऱ्या निघाल्याचं त्यांना कळतं. प्रकाशक बाई त्यांना खरे चाहते आहात का म्हणून तपासते, एकामागून एक प्रश्न विचारते. गाडी कोणती, कोणत्या सालची? 1967 ची इम्पाला. सॅमचा वाढदिवस? 2 मे. डीनचं आवडतं गाणं? डीन सांगतो, दोन आहेत, लेड झेपेलिन या बँडचं 'रॅम्बल ऑन' आणि 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज'. हे दुसरं गाणं झेपेलिनने 1969 मध्ये बीबीसीसाठी वाजवलं होतं. मूळ कोणाचं, ते वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी डीन सॅमसाठी चौरस्त्यावर जाऊन स्वतःचा आत्मा विकतो. लोकांना दहा वर्षं मिळतात, त्याला एकच मिळतं. तिसऱ्या सीझनच्या शेवटी कुत्रे येतात. आणि नरकातून परत आलेल्या त्या माणसाचं आवडतं गाणं निघतं रॉबर्ट जॉन्सनचं. लेखकांनी हे ठरवून केलं असो वा नसो, मला ते कळलं तेव्हा मी भाग थांबवून खोलीत नुसत्या येरझाऱ्या घातल्या. ज्याला जॉन्सन माहीत नाही त्याच्यासाठी तिथे फक्त एका गाण्याचं नाव येऊन जातं. तुमच्या 'काही बिघडतं का' याचं उत्तर हे आहे.

माहिती कुठून आली यावरून ती खरी की खोटी ते ठरत नाही. पुस्तकातून आली, मास्तरांकडून आली, भुताच्या मालिकेतून आली, तपासून घेतली की ती तुमची. गिटार वाजवणाऱ्याला सूर माझ्यापेक्षा जास्त कळतात, ते मी मान्य करते, पण गाणं कोणाचं हा सुराचा प्रश्न नाही. घरातल्या पोरींनी काही सांगितलं की "सिरीयलीत पाहिलं असेल" म्हणून उडवून लावायची सवय आपल्याकडे फार आहे. सिरीयलीत पाहिलं असेल तर असेल. पुढे?

मात्र संदर्भ सापडला म्हणून तिथेच थांबू नका, हेही सांगायला हवं. भाग बघून लोक छातीठोक सांगतात की जॉन्सनने सैतानाशी करार केला आणि त्याचंच गाणं केलं. मूळ गाण्यात सैतान नाहीच. चौरस्त्यावर गुडघे टेकून तो देवाची दया मागतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लिफ्ट मागतो, कोणी थांबत नाही आणि सूर्य मावळत चाललाय. त्या काळच्या दक्षिणेत एकट्या कृष्णवर्णीय माणसाने अंधार पडल्यावर रस्त्यावर असणं म्हणजे काय होतं, ते लक्षात घेऊन ऐकलं तर हे गाणं मालिकेतल्या कुठल्याही कुत्र्यापेक्षा जास्त घाबरवतं. कराराची गोष्टही आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली, आडनाव सारखं, नातं नाही. रॉबर्ट गिटार शिकला तो आइक झिमरमन नावाच्या वादकाकडून, आणि दोघं रात्री कब्रस्तानात बसून वाजवायचे म्हणतात, तिथे कोणाला त्रास होत नाही म्हणून. मेहनतीला सैतानाचं नाव मिळालं, याचं मला वाईट वाटतं. मालिकेवर माझं प्रेम आहे, तरी या एका बाबतीत तिने सोपी वाट धरली.

मग बघायचं कसं? दुसऱ्या सीझनचा पहिला भाग आधी बघा, बापाने केलेला करार तिथे आहे आणि त्याशिवाय 'क्रॉसरोड ब्लूज'मधला डीन कळत नाही. त्या भागाचं नाव 'इन माय टाइम ऑफ डाइंग', तेही झेपेलिनने वाजवलेल्या एका जुन्या पारंपरिक गाण्याचं. मग हा आठवा भाग. शेवटी सॅम विचारतो की तू खरंच करार करायचा विचार केला नव्हतास ना, आणि डीन उत्तर न देता गाण्याचा आवाज वाढवतो, तिथे थांबा आणि जॉन्सनचं मूळ गाणं हेडफोन लावून ऐका. रेकॉर्डिंग जुनं आहे, खरखर येते, पहिल्यांदा कंटाळा येईल. परत ऐका. त्यानंतर क्रीमचं ऐका, म्हणजे काय बदललं आणि काय घेतलं ते कानाने कळेल.

आणि दादा, तू हे वाचशील, आत्या पाठवेलच तुला. 'व्हील्स ऑफ फायर'ची सीडी तुझ्या कपाटात आहे. काढ आणि 'क्रॉसरोड्स'समोर कंसात कोणाचं नाव छापलंय ते बघ.