आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच लंडनला जातोय, सहा दिवस आहेत. आखणी कशी करावी?

तुमची यादी वाचली. सहा दिवसांत एकोणीस ठिकाणं, आणि आईंचे गुडघे दुखतात हेही तुम्हीच लिहिलंय. कळकळीने सांगतो, यादी बाजूला ठेवा, नकाशा उघडा आणि एका दिवशी शहराचा एकच भाग घ्या.

2023च्या मे महिन्यात मी माझ्या आईला घेऊन गेलो होतो. पहिल्याच दिवशी सकाळी टॉवर ऑफ लंडन, दुपारी ब्रिटिश म्युझियम, संध्याकाळी साउथ केन्सिंग्टन असा बेत होता. अंडरग्राउंड म्हणजे भुयारी रेल्वेच्या 272 स्थानकांपैकी जेमतेम एक तृतीयांश ठिकाणी जिना न चढता फलाटापर्यंत जाता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गाडी बदलायची म्हणजे जिने, बोगदे, पुन्हा जिने. म्युझियममध्ये आई बाकावर बसली ती उठेचना. ‘तू बघून ये रे, मी बसते इथे.’ पोटात कालवलं. तिला दाखवायलाच तर आणलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बस धरली. 15 नंबरची बस ट्रॅफल्गर स्क्वेअरहून सेंट पॉल्स कॅथेड्रलवरून टॉवरपर्यंत जाते. आई खालीच, दाराजवळच्या राखीव सीटवर बसायची आणि काचेतून शहर बघायची. तेव्हा भाडं 1.75 पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, तेवढंच. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना नाही. ट्यूबला, म्हणजे अंडरग्राउंडला, मात्र दोन्हीकडे. एका कार्डावर तिघे जाऊ शकत नाहीत, त्यामुळे आई-बाबांना एकेक ऑयस्टर, म्हणजे लंडनचं प्रवासाचं कार्ड, घेऊन द्या. हीथ्रो विमानतळावरून बॅगा घेऊन येताना एलिझाबेथ लाइनची रेल्वे घ्या. ट्यूबच्या पिकॅडिली लाइनपेक्षा महाग आहे, पण टॉटनहॅम कोर्ट रोडला लिफ्टने थेट रस्त्यावर येता.

ब्रिटिश म्युझियम फुकट आहे, म्हणून एकदाच सगळं बघायचा अट्टहास नको. दोन वेळा दीड-दीड तास जा. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे आहेत, ती चुकवू नका. ग्रीनिचला वेस्टमिन्स्टरहून बोटीने जा. तेच कार्ड बोटीलाही चालतं, आणि टॉवर ब्रिजखालून जाताना बाबांना बाहेर उभं राहता येईल. जेवणाची काळजी नको. युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर डोसा, भेळ, थाळी सगळं मिळतं.

तुमच्या यादीत नसलेली एक जागा मात्र घाला: 10, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्थानकापासून थोडं चालत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना, 1921-22मध्ये, बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. 2015मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. शांत गल्ली, दोन्ही बाजूंना तशीच विटांची घरं. दारापाशी आई थांबली, वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली. मी म्हटलं, इथे बूट चालतात. ती म्हणाली, ‘चालत असतील.’ आणि मोज्यांवरच आत गेली. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच ठरवलं नव्हतं, त्यामुळे तिला हवा तेवढा वेळ मिळाला. नंतर जवळच्या प्रिमरोज हिलच्या पायथ्याशी बाकावर बसून घरून नेलेले मेथीचे ठेपले खाल्ले. जाण्याआधी स्मारकाची वेळ तेवढी बघून घ्या.

व्हिसाला साधारण तीन आठवडे धरा. डिसेंबरात जाणार असाल तर दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा बाहेरची ठिकाणं सकाळी उरका. तारखा आणि हॉटेलचा भाग कळवलात तर सहाही दिवसांचे बसमार्ग लिहून देतो.