चाळिशीच्या आसपास धावायला लागताना : वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला, हवेत जरा गारवा आला आणि जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची चर्चा सुरू झाली की धावण्याबद्दलची पत्रं वाढतात. यातले बहुतेक जण पंधरा-वीस वर्षांत बसच्या मागेही पळालेले नसतात. त्यांच्यापैकी काहींच्या प्रश्नांना ही उत्तरं.

वय ४४, ठाणे. कॉलेजात फुटबॉल खेळायचो, नंतर बँकेची बैठी नोकरी. परवा उपवन तलावाकाठी धावायला गेलो आणि दोन-तीन मिनिटांतच धाप लागून बसलो. माझं हृदय कमजोर झालंय का?

नुसत्या धापेवरून तसं म्हणता येणार नाही. तुम्ही बहुधा कॉलेजच्या वेगाने सुटलात. तो वेग डोक्यात शाबूत राहतो, शरीर मात्र तो केव्हाच विसरलेलं असतं. धावणं सोडणाऱ्यांची मी पाहिलेली सगळ्यात मोठी अडचण हीच, पहिल्या दिवशीचा वेग.

धावताना शेजारच्याला आज डब्यात काय आहे ते पूर्ण वाक्यात सांगता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. इतकं हळू की भरभर चालणारा कुणी तुम्हाला मागे टाकून जाईल. जाऊ द्या त्याला.

सुरुवात अशी करा : पाच मिनिटं भरभर चाला, मग एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोपं वाटायला लागलं की धावण्याचं मिनिट वाढवा, चालण्याचं कमी करा. सलग अर्धा तास धावायला बहुतेकांना दोन ते तीन महिने लागतात. मध्ये चालण्यात कमीपणा मानू नका. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी धावत-चालत जाण्याची हीच पद्धत नवख्यांना शिकवली आणि त्या पद्धतीने असंख्य लोकांनी पूर्ण मॅरेथॉन केली आहे.

आता खरी जोखमीची गोष्ट. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्हाला एकदम छान वाटायला लागेल. दम कमी लागेल, कारण हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारतं. पण स्नायूबंध आणि हाडं यांना तेच करायला महिने लागतात. छाती म्हणते ‘अजून दोन किलोमीटर जाऊ’, पण टाचेमागची शीर अजून तयार नसते. बहुतेक दुखापती याच काळात होतात. म्हणून पहिले तीन महिने, अजून जमलं असतं असं वाटत असतानाच घरी परता.

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, ठोके चुकल्याची जाणीव, यातलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल, तुम्हाला रक्तदाब असेल किंवा सिगारेट असेल, तर धावायला लागण्याआधीच तपासून घ्या.

वय ५३, नाशिक. वजन ७८ किलो. जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. ‘धावलीस तर गुडघे झिजतील’ असं जाऊबाई म्हणतात. मी धावू की नको?

ताई, जाऊबाईंची काळजी खरी, पण निष्कर्ष बरोबर नाही. गुडघ्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो, सुटतो आणि त्यातूनच तिला पोषण मिळतं. २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौसेने धावणाऱ्यांत सुमारे ३.५ टक्के आढळला आणि बैठ्या लोकांत सुमारे १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत तो जास्त होता, पण तुम्हाला कुठे तिथे जायचंय!

तरी तुम्ही उद्याच धावू नका. जिना उतरतानाचं वाटीमागचं दुखणं बऱ्याचदा मांडी आणि खुब्याचे स्नायू अशक्त असल्याचं लक्षण असतं. आधी दीड महिना त्यांच्यावर काम करा. खुर्चीतून हात न टेकता उठा आणि बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश टेका. दहा-दहाचे तीन फेरे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला. रोज चाला. मग धावताना पावलं लहान टाका. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की गुडघ्यावरचा भार वाढतो.

असह्य दुखण्याला दहा गुण धरले, तर तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं तर चालेल. गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच दगा देऊन वाकला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वय ४९, सांगली. सहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू आहे. सकाळी उपाशीपोटी धावलं तर साखर लवकर उतरेल ना?

उतरेल, आणि तीच भीती आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड मात्र इन्सुलिन वाढवतं. त्यावर धावण्याची भर पडली की साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. निघण्याआधी ग्लुकोमीटरवर पाहा. १००च्या खाली असेल तर केळं खाऊन निघा. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा. हात थरथरले, थंड घाम फुटला, काही सुचेनासं झालं, तर थांबून तीन-चार चमचे घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. एकट्याने आडवाटेला जाऊ नका.

गोळी स्वतःहून बंद करू नका. धावायला लागतोय हे डॉक्टरांना सांगा, डोस कमी करायचा का ते तेच ठरवतील. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात बघा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला बुटातला खडा कळत नाही, आणि त्यातून झालेला फोड महिनोन्‌महिने त्रास देतो.

वय ३८, डोंबिवली. दोन मुलं. धावताना थोडी लघवी गळते. कुणाला सांगायचीही लाज वाटते.

तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. बाळंतपणानंतर हे खूप जणींना होतं, सिझेरियन झालेल्यांनाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात आणि व्यायामाने ते सुधारतात. वारा आणि लघवी एकदम रोखून धरावी तसे ते स्नायू आत-वर ओढा, सहा ते आठ सेकंद धरा, पूर्ण सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लोकलमध्ये बसूनही करता येतं. लघवी करताना मात्र हा सराव करू नका. पाणी कमी पिणं हा उपाय नाही. ओटीपोटात खाली काही उतरल्यासारखं जड वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. तोवर चढाच्या रस्त्यावर भरभर चाला, दम तेवढाच वाढतो.

वय ४१, छत्रपती संभाजीनगर. बूट किती महाग घ्यावेत?

किमतीपेक्षा माप पाहा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना दुकानात जा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. घालून दुकानातच धावून पाहा. पहिल्या मिनिटाला टोचणारा बूट नंतर सैलावेल या आशेवर घेऊ नका.

वय ३६, कोल्हापूर. रंकाळ्यावर दोन महिने रोज धावतोय. जानेवारीच्या अर्धमॅरेथॉनला नाव दिलंय. आता नडगी दुखते. पट्टी बांधून सराव चालू ठेवू का?

खुर्चीत बसा आणि नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्याने वरून खाली दाबत या. चार-पाच बोटांएवढ्या लांबीत सगळीकडे दुखरं लागलं, तर बहुधा हाडालगतच्या भागाची ओढाताण आहे. पंधरवडा धावणं थांबवा, सायकल किंवा पोहणं चालेल, मग निम्म्या अंतराने सुरुवात करा. पण दुखणं एकाच ठिकाणी बोटाच्या पेराएवढं असेल, त्याच पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. अशा वेळी पट्टी बांधून धावलात तर तो तडा वाढू शकतो. सुरुवातीला एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसतही नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टरांशी एमआरआयबद्दल बोला. तसं निघालं तर सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त विश्रांती लागते. मग या जानेवारीचं नाव सोडून द्या आणि परतल्यावर रोज नाही, दिवसाआड धावा.