सुनेचे पूर्वज शोधायला कॉन्फरन्सला जावे का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सून ऑस्ट्रेलियन, तिचे आजोळ न्यू साउथ वेल्स राज्यातल्या बाथर्स्ट गावाच्या बाजूचे. घरात सांगत आले आहेत की तिच्या आजीचे पणजोबा आयर्लंडहून सोने शोधायला आले. नातवाला शाळेसाठी वंशवृक्ष करायचाय आणि त्या निमित्ताने सुनेलाच नाद लागलाय. कुटुंब-इतिहास मंडळांची राज्याची कॉन्फरन्स यंदा त्याच भागात आहे. प्रवेशशुल्क, मोटेल, पेट्रोल असा खर्च करून नवशिक्या माणसाच्या हाती काही लागेल का, की हल्ली सगळे घरबसल्या मिळते?

जा. पण सभागृहात पूर्वज भेटतील या आशेने जाऊ नका. आपल्याकडच्या कुलसंमेलनासारखे इथे नसते. तिथे सगळे एका आडनावाचे, कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती, कोण कोणाचा चुलत हे जेवणाच्या पंगतीतच कळते. इथे जमलेल्या दोनशे लोकांत तुमच्या सुनेच्या आडनावाशी एकाचाही संबंध नसेल. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे कागद. कोणता कागद कुठे असतो, त्यात काय लिहिलेले असते आणि त्यातले किती खरे धरायचे, हे शिकायला लोक येतात.

मी न्यू साउथ वेल्समधल्या एका लहान गावच्या मंडळाची जुनी सभासद आहे. आमची खोली उघडी असते तेव्हा येणाऱ्यांना मदत करायला बसते, आणि कॉन्फरन्सला स्वतः प्रश्न घेऊन जाते. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी कॉन्फरन्सची जात ओळखा. राष्ट्रीय पातळीवरची काँग्रेस ऑस्ट्रलेशियन फेडरेशन ऑफ फॅमिली हिस्टरी ऑर्गनायझेशन्सची. ती साधारण तीन वर्षांनी भरते. २०१५ मध्ये कॅनबेराला होती, २०१८ मध्ये सिडनीला. परदेशी वक्ते, एकाच वेळी तीन-चार दालनांत व्याख्याने, मोठे प्रदर्शन. न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेराच्या मंडळांच्या संघाची वार्षिक कॉन्फरन्स वेगळी. ती गावोगाव फिरते आणि यजमान असते त्या गावचे मंडळ. माझे मत विचाराल तर नवशिक्याने दुसरी निवडावी, आणि तीही वक्त्यांची यादी बघून नव्हे, गाव बघून. मोठ्या वक्त्यांची व्याख्याने आता वेबिनार म्हणून घरी ऐकता येतात. पण बाथर्स्ट भागातल्या दफनभूमींतली थडगी ज्यांनी उन्हात बसून वाचून काढली ती माणसे वेबिनारमध्ये भेटत नाहीत. ती चहाच्या टेबलावर भेटतात, लॅमिंग्टन केक खाताना. तुमचे गाव आणि यजमानांचा भाग जुळतोय, हे नशीबच समजा. नसता जुळला तर मी म्हटले असते, घरी बसा आणि त्या पैशात दाखले मागवा.

दाखले तरीही मागवाच, आणि जाण्याआधी. न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी नोंदणी मार्च १८५६ मध्ये सुरू झाली (व्हिक्टोरियात १८५३, टास्मानियात १८३८). त्याआधीचे सगळे चर्चच्या वह्यांवर. नोंदींची सूची ऑनलाइन फुकट बघता येते, मात्र जन्माला शंभर, लग्नाला पन्नास आणि मृत्यूला तीस वर्षे झालेली असावी लागतात. अस्सल प्रतीऐवजी अधिकृत नक्कलकाराकडून मजकूर उतरवून घेतला तर बरेच स्वस्त पडते आणि आपल्या कामाला तेवढे पुरते.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करा. १८५६ नंतरच्या इथल्या दाखल्यात मृताच्या आईवडिलांची नावे, वडिलांचा धंदा, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षे काढली, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कोणाशी झाले, मुले किती, हयात कोण, कुठे पुरले एवढे सगळे विचारलेले असते. इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यात आईवडिलांची नावेसुद्धा नसतात. पण ही माहिती मेलेला माणूस देत नाही. तळाशी माहिती देणाराचे नाव असते, ते आधी वाचा. बायकोने सांगितले असेल तर बरेच खरे, जावयाने सांगितले असेल तर सासऱ्याच्या आईचे नाव त्याला कुठून ठाऊक? शेजाऱ्याने किंवा इस्पितळाच्या कारकुनाने दिली असेल तर ‘माहीत नाही’ एवढेच सापडते. अशा वेळी त्याच माणसाच्या मुलांचे जन्माचे दाखले काढायचे. तिथे तो स्वतः बोललेला असतो.

आणि सोन्यामागे फिरणाऱ्या माणसाचा माग काढायला मुलांचे दाखले हेच सर्वांत चांगले साधन. ऑरेंज गावाजवळ ओफिरला सोने सापडल्याचे १८५१ मध्ये जाहीर झाले. मग ट्युरॉन नदीकाठचे सोफाला, १८६१ च्या सुमारास फोर्ब्स, १८७० ला गल्गाँग, त्यानंतर हिल एंडची मोठी भरभराट. खाणीवरचा माणूस तंबूत राहायचा, घर नाही, जमिनीचा सातबारा नाही. पण दर दोन वर्षांनी मूल व्हायचे आणि त्याच्या दाखल्यात जन्माचे ठिकाण यायचे. थोरला सोफालाचा, मधली फोर्ब्सची, धाकटा गल्गाँगचा. सगळ्या भावंडांची ठिकाणे नकाशावर मांडा, बापाचा रस्ता समोर येतो. फक्त आपला थेट पूर्वज धरून बसणारे लोक इथेच अडतात. भावंडे सोडू नका.

‘सोने शोधायला आले’ हे मात्र ऐकलेले म्हणून ठेवा, लिहून टाकू नका. सोने ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात कित्येक आयरिश सरकारी खर्चाने, म्हणजे सहायित स्थलांतरित म्हणून आले, आणि तसे आले असतील तर ती आनंदाची बातमी आहे, कारण इमिग्रेशन बोर्डाच्या याद्यांत मूळ गाव, धर्म, आईवडिलांची नावे, इथे आधीपासून कोण नातलग आहे हेही लिहिलेले सापडते. स्वतःच्या पैशाने आलेल्याचे मात्र जहाजाच्या यादीत नुसते आडनाव असू शकते. एखादी पणजी १८४८ ते १८५० मध्ये दुष्काळातल्या अनाथ मुलींच्या योजनेतून आलेली निघते. अशा चार हजारांवर मुली वसाहतींत आणल्या होत्या.

तिसरी शक्यता कैदी असण्याची. पूर्वी घरे ती लपवत, आता पहिल्या फ्लीटचा, म्हणजे कैदी घेऊन आलेल्या पहिल्या जहाजताफ्यातला, कैदी निघाला तर लोक मिरवतात. सुनेच्या आजीला विचारताना मात्र जपून. त्या पिढीत अजून काहींना ते रुचत नाही. कैद्यांचे कागद इतके भरगच्च असतात की स्वखुशीने आलेल्यांच्या वंशजांना हेवा वाटावा. सुटकेच्या दाखल्यात उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण. न्यू साउथ वेल्सकडे कैदी पाठवणे १८४० मध्ये जवळपास थांबले, तेव्हा तुमचा माणूस खरोखर १८५१ नंतर आला असेल तर हा रस्ता बहुधा बंद.

आयर्लंडकडे धावण्याची घाई करू नका. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतले दप्तर १९२२ च्या लढाईत जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद त्यात गेले. कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून ऑनलाइन फुकट ठेवल्या आहेत, पण पॅरिश कोणती हे ठाऊक नसेल तर त्यांचा उपयोग नाही. आणि ते नाव बहुधा ऑस्ट्रेलियातल्याच कुठल्यातरी कागदावर असते, मृत्युलेखात किंवा थडग्याच्या दगडावर.

मृत्युलेखासाठी ट्रोव्ह. राष्ट्रीय ग्रंथालयाचे हे संकेतस्थळ, जुनी वर्तमानपत्रे बहुतेक १९५४ पर्यंतची, सगळे फुकट. यंत्राने वाचलेला मजकूर चुकीचा असतो, म्हणून आडनावाऐवजी रस्त्याचे, खाणीचे, चर्चचे नाव टाकूनही शोधा. चुका दिसल्या तर दुरुस्त करा; वाचकच त्या करतात. अलीकडच्या मृत्यूंसाठी रायर्सन इंडेक्स, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या मृत्युसूचनांची सूची. ब्रिटनसारखी दर दहा वर्षांची नावनिशीवार जनगणना इथे शोधू नका, ते कागद पूर्वी नष्ट करत असत. सगळ्यांच्या नावांसह अशी १८२८ ची तेवढी वाचली. जनगणनेची उणीव मतदारयाद्या थोडीफार भरून काढतात. बायकांना देशपातळीवर १९०२ मध्येच मत मिळाले, त्यामुळे पणजीही नावानिशी सापडते.

एवढे करून एक प्रश्न तयार ठेवा. एकच. ‘आमच्या घराण्याची माहिती हवी’ असे कोणी विचारले की आम्ही स्वयंसेवक हसून माहितीपत्रक देतो, दुसरे काय करणार? ‘अमुक माणूस १८७२ मध्ये हिल एंडला होता, १८७५ मध्ये त्याची बायको बाथर्स्टला एकटीच दिसते, मधे काय झाले?’ असे विचारले की टेबलामागची तीन माणसे उठून कपाटाकडे जातात. एका पानावर नावे, तारखा, ठिकाणे छापून न्या. लॅपटॉप उघडून संपूर्ण वृक्ष दाखवणाऱ्याला सगळे टाळतात.

यजमान मंडळाला आधी ईमेल करा आणि खोली कधी उघडी असेल ते विचारा. एरवी अशा खोल्या आठवड्यातून एखाद-दोन दिवसच उघडतात, पण कॉन्फरन्सच्या आगेमागे बरेचदा खास उघडतात. तिथे बघायचे ते जे ऑनलाइन आलेले नाही: गावच्या पायनियर, म्हणजे सुरुवातीला येऊन वसलेल्या, लोकांची नोंदवही, दफनभूमीच्या उताऱ्यांची पुस्तके, शाळेचे पट, घरपट्टीच्या वह्या, अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या खातेवह्या, आणि सभासदांनी वर्षानुवर्षे कात्रणे भरून ठेवलेल्या आडनाववार फाइली. त्या फाइलीत कधी कधी आपल्यासारखाच शोध घेणाऱ्या लांबच्या भावंडाचे पत्र असते. कॉन्फरन्सचा खर्च मला तरी बहुतेक वेळा अशा कपाटांनीच भरून दिला आहे.

एक संध्याकाळ स्टेट लायब्ररीच्या होल्टरमन संग्रहासाठी ठेवा. १८७२ च्या सुमारास मर्लिन आणि बेलिस या छायाचित्रकारांनी हिल एंड आणि गल्गाँगमधली दुकाने, झोपड्या, दारात उभी असलेली माणसे टिपली. त्या काचेच्या निगेटिव्ह १९५१ मध्ये सिडनीत चॅट्सवुडच्या एका बागेतल्या शेडमध्ये सापडल्या. त्या आता इतक्या बारकाईने स्कॅन केल्या आहेत की दुकानाच्या काचेतल्या पाट्या वाचता येतात. तुमचा माणूस ओळखू येईलच असे नाही. पण तो ज्या दुकानातून पीठ घेत असेल ते दिसेल, आणि नातवाला वंशवृक्षाच्या चौकटींपेक्षा हेच जास्त आवडेल.

बाथर्स्टचा परिसर विराजुरी या आदिवासी लोकांचा आहे, आणि १८२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध तिथे लष्करी कायदा पुकारला गेला होता. कॉन्फरन्सची सुरुवात त्यांचा मान राखूनच होईल. शोधात एखाद्या पणजीच्या मागे कागदच नसतील आणि कुजबुज आदिवासी असल्याची असेल, तर तर्काने काही लिहू नका. कॅनबेराच्या आयाट्सिस या आदिवासी अभ्यासाच्या संस्थेत यासाठी वेगळा विभाग आहे, त्यांच्याकडे जा. आदिवासी मुलांना घरांतून उचलून नेण्याचा इतिहास फार जुना नाही. कोणाच्या तरी घरात तो अजून भळभळतो.

डीएनए चाचणी करायची असेल तर नातवाची करू नका, सुनेच्या आजीची करा, त्यांना पटले तर. जितकी वरची पिढी तितकी जुनी नाती पकडीत येतात, शिवाय अल्पवयीन मुलाचे जनुक एखाद्या कंपनीच्या खात्यात कायमचे ठेवायचे का हा निर्णय त्याला मोठेपणी घेऊ द्या.

आणि तुमचे स्वतःचे तिथे काय काम, असे वाटून मागे बसू नका. चहाच्या रांगेत, ज्याचे पूर्वज ब्रिटिश काळात भारतात होते असा कोणीतरी येऊन विचारेलच, आमचे पणजोबा ‘कर्की’ला पुरलेत, ते कुठे आले? ते खडकी. कोणाचे सैन्यात अहमदनगरला, कोणाचे जीआयपी रेल्वेत इगतपुरीला, कोणाचे कुटुंब १९४७ च्या ऑगस्टमध्ये मनूरा जहाजाने मुंबईहून फ्रीमँटलला आलेले. त्यांना सांगा की मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन-३ या मालिकेत आहेत. गावांची जुनी इंग्रजी नावे त्यांना वाचता येत नाहीत, तुम्हाला येतात. अशी मदत केली की समोरचा माणूस तुमच्या हिल एंडच्या प्रश्नासाठी स्वतःची वही उघडतो.

नातवाच्या बापाकडची बाजू राहिली. त्यासाठी तुमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापलाय का ते आधी बघा, नसल्यास त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत आजोबा-पणजोबांच्या सह्या असू शकतात. भारतात जाल तेव्हा मूळ गाव आणि आडनाव सांगा, वही ते काढून देतात. शाळेची मुदत त्याआधी संपणार असेल तर त्या चौकटी सध्या पेन्सिलीने भरा.