वाचक विचारतात : पार्सलचे काळे डबे, सांबाराच्या पिशव्या आणि दुधाची पिशवी

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दोघंही नोकरी करतो, सासूबाईंना आता ओट्यापाशी उभं राहणं झेपत नाही, त्यामुळे आठवड्यातून तीन-चारदा तरी बाहेरूनच जेवण येतं. त्या काळ्या डब्यांचा घरात नुसता ढीग झालाय, टाकवतही नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. सासूबाई त्यात डाळी भरतात, उरलेली भाजीही त्यातच गरम करतात, ते चालतं का? आणि प्लास्टिकबंदी आहे ना, मग हे सगळं येतंच कसं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सासूबाईंना सांगा डाळी, पोहे, खिळे-स्क्रू काहीही भरा, बिनधास्त, पण गरम भाजी-आमटी नको आणि मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, त्यातल्या त्यात बरा, पण हे डबे एका वापरासाठीच पातळ काढलेले असतात, घासून घासून चरे पडले की तेल-हळद आत मुरते, मग ते खाण्याच्या वस्तूंसाठी ठेवू नका.

आता बंदीचं. राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ची, २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार. सांबार-चटणीची ती रबर लावलेली पातळ पिशवी त्यात येतेच, हँडल असो नसो. केंद्राची बंदी १ जुलै २०२२पासून, त्यात चमचे, काटे, स्ट्रॉ, ताटल्या, ग्लास, मिठाईच्या बॉक्सवरचं पातळ प्लास्टिक असं सगळं आहे, पण झाकणाचा पार्सल डबा त्या यादीत नावाने नाही. कागदावर एवढं असून पिशवी येते कारण दुकानदाराला ती स्वस्त पडते आणि आपण हातात काही न घेता जातो. दंडाची वाट बघत बसण्यापेक्षा आपण डबा न्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण तुमचं तीन-चार वेळचं जेवण बहुतेक एक-दोन ठरलेल्या ठिकाणांहूनच येत असणार, म्हणजे दोनच माणसांशी बोलायचंय.

पोळीभाजी केंद्रात गर्दी व्हायच्या आधी जा, सात-साडेसातला. डबा स्टीलचा, रुंद तोंडाचा घ्या म्हणजे डाव काठाला लागत नाही, नाहीतर "सांडेल हो मॅडम" म्हणून परत पिशवीच मिळते. भाजी वजनावर देत असतील तर आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला सांगा, मापाने देत असतील तर प्रश्नच नाही. पोळ्यांना सुती फडकं. पहिल्या वेळी ते जरा बघतात, नंतर स्वतःच विचारतात आज डबा आणला नाही का. काही ठिकाणी स्वच्छतेचं कारण देऊन नाही म्हणतात, तिथे वाद घालू नका, दुसरं केंद्र बघा. अ‍ॅपवरून मागवलंत तर डबा येणारच, निदान चमचे-टिश्यू नको हे टिक करा. आणि शक्य असेल तर रोजचा घरगुती डबाच लावा, डबेवाले मुंबईत १८९०पासून धातूच्या डब्यात जेवण पोचवतायत आणि रिकामा डबा परतही नेतात, पद्धत आपल्याकडे आहेच की.

जमलेला ढीग धुऊन कोरडा करून कचरावेचक ताईंना वेगळा द्या. काळ्या प्लास्टिकला भंगारात भाव कमी, कारण काळा रंग पडला की त्याचं परत काळंच काहीतरी होतं, आणि आमटी लागलेला असेल तर कोणी हातही लावत नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारोदार येतात, त्या हे सगळं हाताने निवडतात, म्हणून तरी विसळून द्या.

प्रश्न : दुधाच्या पिशव्या मी धुऊन साठवते, पण भंगारवाला कधी घेतो कधी नाही. काय चुकतं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चुकत काही नाही, बहुतेक ओल्या राहत असतील, ओली पिशवी वास मारते. दोरीवर उलटी वाळवा आणि एक-दोन किलो साठल्यावरच द्या. दुसरं म्हणजे कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण तोडू नका, चीर देऊन लटकता ठेवा. तो नखाएवढा त्रिकोण बेसिनमधून गटारात जातो आणि मग कोणालाच परत सापडत नाही. पिशवी चांगल्या प्लास्टिकची असते, तिचं रिसायकलिंग होतं. २०१८च्या नियमात तर ती कमीत कमी ५० पैशांना परत घ्यायची तरतूद होती, ती दुकानापर्यंत नीट पोचली असती तर आज एकही पिशवी नाल्यात दिसली नसती. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचं मात्र तसं नाही, त्यात थर एकमेकांना चिकटलेले असतात, ती भंगारवाला घेत नाही. ती कमी आणणं एवढंच.

प्रश्न : ऑफिसात प्लास्टिकचे कप बंद करून कागदी आणले, बरं केलं ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फारसं नाही. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्याशिवाय चहा टिकणारच नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा गरम द्रवाच्या १०० मिलीत १५ मिनिटांत सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरलेले दिसले. प्रत्येकाचा स्वतःचा स्टीलचा किंवा चिनीमातीचा कप, पाहुण्यांसाठी डझनभर काचेचे ग्लास, आणि ते धुणाऱ्या मावशींच्या कामाचे वेगळे पैसे धरा, त्यांच्यावर फुकटात ढकलू नका.