हाताने बनवलेल्या क्लिक पेनाचा खटका लॉक होत नाही, मध्येच अडकतो. दोष नेमका कुठे शोधायचा?

तुम्ही लेथवर लाकूड कातून क्लिक पेनं बनवता. पेनं दिसायला सुरेख होतात, पण काहींचं टोक बाहेर येऊन लॉकच होत नाही, काहींचं पूर्ण आत जात नाही, आणि एकाचं बटण नुसतंच लुळं पडलंय. पेनाच्या तयार सुट्या भागांच्या किटमधले खटके खराब निघाले असं समजून ते बदलावेत का, असं तुम्ही विचारलंय.

लगेच बदलू नका. अशा तक्रारींमध्ये खटका बहुतेक वेळा ठणठणीत असतो. दोष असतो पेनाच्या लांबीत, लाकडात चिकटवलेल्या पितळी नळीच्या सरळपणात किंवा आत राहिलेल्या गोंदात. नवा खटका त्याच पेनात बसवलात तर तोही तसाच वागेल, आणि जुना ठोकून काढताना लाकडाला तडा जायची भीती वेगळीच.

खटका कसा चालतो हे एकदा डोळ्यांसमोर आलं की निम्मं निदान तिथेच होतं. बटणाच्या खालच्या कडेला तिरके दाते असतात. त्याखाली तसेच दाते असलेला एक फिरता तुकडा असतो, त्याला कॅम म्हणतात. हे दोन्ही ज्या नळकांड्यात बसतात त्याच्या आतल्या बाजूला उभ्या खाचा असतात आणि खाचांच्या मधे छोटे कठडे. बटण दाबलं की कॅम खाचेतून खाली सरकतो. खाच संपली की तिरक्या दात्यांमुळे तो जरासा फिरतो, आणि बटण सोडल्यावर स्प्रिंग त्याला वर ढकलते तेव्हा कठड्याला टेकून थांबतो. टोक बाहेर राहतं ते असं. पुन्हा दाबलं की कॅम आणखी फिरतो, पुढची खाच सापडते आणि तो वर निघून जातो.

यातल्या दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली: लॉक व्हायला कॅमला कठड्याच्या थोडं खाली जावं लागतं. म्हणजे दाबताना टोक लॉकच्या जागेपेक्षा किंचित जास्त बाहेर येतं आणि मग मागे येऊन बसतं. ही जास्तीची जागा मिळाली नाही तर खटका कधीच लॉक होणार नाही, तो कितीही चांगला असो. दुसरी: कॅमला वर ढकलणारी स्प्रिंग बहुतेक किटांत खटक्यात नसते, ती पुढे नोझलमध्ये, म्हणजे टोकाकडच्या निमुळत्या भागात असते. तिचा जोर रिफिलमार्फत मागे पोचतो. रिफिलची शेपटी कॅमला टेकतच नसेल तर खटका लुळा पडणारच.

आता तपासणी. खटका आट्यांवर बसणारा असेल तर तो पेनातून सोडवा, हातात धरा, मागून रिफिल लावा आणि रिफिलचं टोक बोटाने हलकं दाबून धरत दहा-वीस वेळा क्लिक करा. बोट इथे स्प्रिंगचं काम करतं. हातात खटका साफ चालत असेल तर त्याला दोष देणं थांबवा. याच वेळी पट्टीने किंवा कॅलिपरने एक माप घ्या: टोक आत असताना आणि बाहेर असताना रिफिल किती मिलिमीटर सरकते. या अंतराला आपण चाल म्हणू. चाल खटक्याची असते, पेनाची नाही, म्हणून पेनात बसवल्यावरही ती तेवढीच यायला हवी.

मग सगळं पेनात बसवा आणि नोझलच्या तोंडापासून टोक कुठे येतं ते दोन्ही स्थितींत पाहा. बाहेर असताना टोक गरजेपेक्षा जास्त डोकावतंय आणि आत घेतल्यावरही पूर्ण आत जात नाही, पण चाल पूर्ण आहे, तर पेन आखूड झालंय. टोक बाहेर कमी येतंय आणि आत घेतलं की खूप खोल जातंय, तर पेन लांब राहिलंय. चालच कमी भरत असेल तर मात्र आत काहीतरी आडवं येतंय: गोंद, वाकडी बसलेली नळी किंवा पूर्ण दबून गेलेली स्प्रिंग. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले की पुढचं काम नेमकं होतं. तसं न करता थोडं घासून बघ, थोडं तेल सोडून बघ असं करत बसलं की चांगलं पेन हकनाक बिघडतं.

लॉक न होणाऱ्या पेनांसाठी एक सोपी चाचणी आहे. नोझल अर्धा ते एक फेरा सैल करा आणि क्लिक करा. आता लॉक झालं? मग पेन तेवढंच आखूड आहे. दाबताना रिफिलचा खांदा (जिथे ती बारीक होते ती जागा) नोझलच्या आतल्या पायरीला आधीच टेकत होता, किंवा स्प्रिंगची सगळी वेटोळी एकमेकांवर बसत होती, त्यामुळे कॅमला कठड्याखाली उतरायला जागा मिळत नव्हती. अशा पेनाचं बटण शेवटी शेवटी कडक लागतं, दगडावर आपटल्यासारखं. सैल केल्यावर उलट आणखी बिघडलं तर दुसरी चाचणी करा: नोझल घट्ट करून रिफिलच्या शेपटीमागे जाड कागदाची बारीक चकती ठेवा. त्याने सुधारलं तर पेन लांब आहे.

पेन आखूड होतं ते बहुतेक वेळा बॅरल ट्रिमरमुळे, म्हणजे लाकडाची टोकं सपाट कापणाऱ्या हत्यारामुळे. लाकडाची टोकं नळीच्या काटकोनात आणायची असतात, पण लाकूड संपून पितळाची कड चमकली की तिथेच थांबायला हवं. आणखी दोन फेरे मारले की नळीच कापली जाते, आणि खटक्याला मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा कळतो. त्यामुळे ट्रिमरमधून पितळाची सोनेरी कीस निघू लागली की ती धोक्याची खूण समजा. पेन लांब राहण्याची कारणं अधिक फसवी असतात. सुपरग्लूचं फिनिश दिलं असेल तर टोकाशी त्याची बारीक कड साचते आणि जोडायचा भाग पूर्ण बसत नाही. किंवा प्रेसमध्ये, म्हणजे भाग दाबून बसवायच्या यंत्रात, जोडणी शेवटपर्यंत गेलेली नसते. वरची आणि खालची नळी वेगवेगळ्या लांबीची असेल आणि त्यांची अदलाबदल झाली असेल, तर सगळी मापं एकदमच चुकतात. जोडाशी नखाला फट लागते का ते फिरवून फिरवून बघा.

"हवा दमट झाली, लाकूड फुगलं, म्हणून खटका बिघडला" हे कारण मला सहसा पटत नाही. सरळ तंतूंचं ओलं लाकूड पार कोरडं होईपर्यंत तंतूंच्या दिशेने साधारण ०.१ ते ०.३ टक्केच आकसतं. पेनाचा भाग ६० मिमी धरला तर सगळं मिळून फार तर ०.२ मिमी, आणि ऋतू बदलल्याने होणारा फरक त्याहूनही कमी. आडव्या दिशेने मात्र लाकूड कितीतरी पट जास्त हलतं. म्हणून तडे जातात, नळीवरून लाकूड सुटतं, जोडाशी पायरी जाणवते. ते दुखणं खरं आहे, पण खटक्याचं नाही.

दुरुस्ती. लांब पेनाचा जोड शेवटपर्यंत दाबून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर भाग काढून, काचेवर पॉलिश पेपर ठेवून, नळी उभी धरून टोक घासा. थोडं थोडं घासा आणि प्रत्येक वेळी बसवून बघा. आखूड पेनाला लांबी परत द्यावी लागते. एक-दोन दशांश मिमीच हवे असतील तर नोझलच्या आट्यांपाशी पातळ वॉशर पुरतो. जास्त हवी असेल तर दोन भागांच्या मधे वेगळ्या रंगाच्या लाकडाची किंवा धातूची कडी बसवा. नीट केली तर ती मुद्दाम केलेल्या नक्षीसारखी दिसते. रिफिलमागची चकती मात्र चाचणीपुरतीच ठेवा. पहिली रिफिल बदलताना ती हरवेल आणि पेन पुन्हा बंद पडेल.

आता चाल कमी पडणारी पेनं. पहिला संशय गोंदावर घ्या. नळी चिकटवताना इपॉक्सी किंवा सुपरग्लू आत शिरतो आणि तिथे वाळून टणक होतो. रिफिल त्यावर घासते. इथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: पार्कर पद्धतीच्या रिफिलच्या शेपटीवर खाचा असतात, आणि खटका तिला पकडून प्रत्येक क्लिकला थोडं फिरवतो. पार्करने १९५४ मध्ये जॉटर पेन आणलं तेव्हापासून ही कल्पना आहे. रिफिल फिरल्यामुळे टोकाची गोळी एकाच बाजूने झिजत नाही. पण याचा अर्थ असा की रिफिलला नळीत नुसतं पुढे-मागे सरकायला नाही, फिरायलाही मोकळी जागा हवी. गोंदाचा एक कण तिला अडवायला पुरतो.

नळीतून उजेडाकडे बघा. आत सावली किंवा खरखरीत ठिपका दिसला तर बारीक गोल कानस किंवा सळईवर गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवून तो काढा, मग कापसाने भुकटी पुसा. पुढच्या पेनापासून गोंद लावण्याआधी नळीची दोन्ही तोंडं मेणाने किंवा मळलेल्या मातीने बंद करा आणि नंतर साफ करा. ट्रिमर चालवण्याआधी नळी आतून स्वच्छ असायलाच हवी. आत गोंद असेल तर ट्रिमरचा दांडा तिरका बसतो आणि टोकही तिरकं कापलं जातं. मग प्रेसमध्ये जोडणी वाकडी बसते, खटका कलतो, रिफिल एका बाजूला टेकते. एका गोंदाच्या थेंबातून तीन दोष असे उभे राहतात. टोक काटकोनात आहे का ते पाहायला नळी काचेवर उभी ठेवा आणि खालून उजेड दिसतो का बघा.

खटका बसवताना हातानेच घट्ट करा, पक्कड नको. प्लॅस्टिकचं नळकांडं आवळलं गेलं की आतल्या खाचा चिमटतात आणि कॅम मधेच अडकतो. खूण सोपी आहे: पाव फेरा सैल केल्यावर खटका मोकळा चालतो. मग तेवढाच घट्ट ठेवा आणि आट्यांना हलका, पुन्हा सुटणारा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. तो खटक्याच्या आत किंवा प्लॅस्टिकवर जाऊ देऊ नका, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. क्लिप किंवा तिची कडी एका बाजूला सरकून बटणाला घासत असेल तरी बटण खालीच राहतं. तिथे चमकलेली रेघ दिसते.

स्प्रिंगबद्दल थोडक्यात: ओढून लांब केलेली स्प्रिंग नोझलमध्ये वेडीवाकडी दबते. किटमधलीच वापरा, आणि वाकलेली दिसली तर बदला.

तेल घालू नका. पेट्रोलियम तेलं काही प्लॅस्टिकना सोसत नाहीत, आणि घासकामाची भुकटी त्यात कालवली गेली की कॅमच्या दात्यांत चिखल होतो. आधी खटका कोरड्या ब्रशने साफ करा. तरीही खरखर राहिली तर सिलिकॉन ग्रीसचा टाचणीच्या टोकाएवढा कण पुरे.

बोल्ट ॲक्शनची पेनं वेगळी असतात. त्यांत कॅमच्या जागी एक खिट्टी वळणाच्या खाचेतून फिरते. तिथे अडखळलं तर खाचेच्या कडेवरची धातूची कुसळं बघा.

खटका खरोखर खराब कधी म्हणायचा? हातात, मोकळ्या रिफिलसह, साफ केल्यावरही तो दाते सोडत असेल किंवा कधी लॉक होतो कधी नाही असं करत असेल, तर तो बदलाच. काढताना पेनाला भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्याचा आधार द्या आणि आत बरोबर बसणाऱ्या सळईने सरळ ठोका. गोंदाने पकडला असेल तर आधी हलकी ऊब द्या, फिनिश जपून.

आणि पेन आधी नीट चालत होतं, कोणाला दिलं, काही महिन्यांनी बिघडलं, असं असेल तर ते उघडण्याआधी रिफिल तपासा. पार्कर पद्धतीची रिफिल आयएसओ १२७५७-२ मानकात जी-२ नावाने येते, लांबी साधारण ९८ मिमी. पायलटच्या जी-२ जेल पेनाची रिफिल हे निराळंच प्रकरण आहे, ती बरीच लांब असते, आणि केवळ नावावरून चुकीची आणली जाते. योग्य प्रकारच्या रिफिलींतही खांद्याची जागा आणि शेपटीचा आकार थोडा इकडेतिकडे असतो. नव्या रिफिलीच्या टोकावर संरक्षणासाठी मेणाचा थेंब असेल तर तोही नोझलमध्ये अडकतो, नखाने काढून टाका. पेन ज्या रिफिलवर जुळवलंत, तशीच एक जादा रिफिल पेन देताना सोबत द्या आणि तिचा प्रकार चिठ्ठीवर लिहून ठेवा.